मोठ्या बाईंचं पोट

२० जुलै

चिमणे,

पत्राच्या वरच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग दिसेल. तो अश्रूंचा नाही, माशांच्या टाकीतला आहे, तेव्हा घाबरू नकोस. फोन केला असता, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी कल्पनेनं भरतो. आजारपणाच्या बाबतीत ते बरं नाही.

तू माशांच्या रोगांवर शिकायला निघालीस, तेव्हा तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून मी म्हणालो होतो, "माशांना कसली गं डॉक्टर? त्यांना काय सर्दी होते?" सगळे हसले होते. तू हसली नव्हतीस. आज तोच मी हात जोडून तुझ्या दवाखान्याच्या रांगेत उभा आहे. आधी नंबर लाव, मग हवं तेवढं रागाव.

आमच्या शाळेच्या दर्शनी दालनातली काचेची टाकी तुला आठवत असेल. लहानपणी तू तिला नाक लावून उभी राहायचीस आणि काचेवर नाकाचा ठसा उरायचा. निवृत्तीच्या दिवशी मी कपाटाची किल्ली परत केली, हजेरीपट परत केले, नकाशाची काठीसुद्धा परत केली. टाकी परत करा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. त्याला अकरा वर्षं झाली. रोज सकाळी साडेसहाला मी फाटकातून आत जातो. काच पुसतो, दाणे टाकतो, आणि मग वर्ग भरू लागले की दालनातल्या बाकावर बसून ऐकतो. कुठल्या तरी खोलीत पाचवीची पोरं एका सुरात कविता म्हणत असतात. सूर चुकलेला असतो, ताल मात्र पक्का. माझा दिवस तेवढ्यावर निघतो. सर, तुमचं इथं काय काम, असं कुणी विचारत नाही, कारण काम आहे.

आता ऐक. टाकीत सात गोल्डफिश होते. नावं मुलांनी ठेवलेली. पंधरा दिवसांपूर्वी 'पंडित' फुगला. पोट असं, की जणू आख्खा चेंडू गिळलाय. चार दिवसांत गेला. मग 'झिपरी' गेली, तशीच. आणि परवापासून 'मोठ्या बाई' फुगल्या आहेत. सगळ्यात थोराड मासा तो. मुख्याध्यापिका दालनातून जाऊ लागल्या की हा काचेशी येऊन त्यांच्याकडे डोळे वटारून बघतो, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. खऱ्या मोठ्या बाईंना हे माहीत आहे. माहीत नसल्याचं त्या फार छान दाखवतात. माझीच विद्यार्थिनी ती, तिसरं बाक, खिडकीकडची बाजू.

काल त्यांनी मला बोलावून घेतलं. "सर, मुलं प्रार्थनेआधी मेलेला मासा बघायला धावतात. मला हे चालणार नाही. ८ सप्टेंबरला तपासणी समिती येतेय. तोवर थांबलं तर ठीक, नाहीतर टाकी रिकामी करून तिच्यात करंडक ठेवू. दिसेलही चांगलं."

करंडकांना दाणे लागत नाहीत, चिमणे. मग मी साडेसहाला फाटकाशी काय सांगून आत जाऊ?

काल बाकावर बसल्या बसल्या दोन ओळी सुचल्या, तेवढ्या पाठवतो:

पाणी तिचं अंगण, काच तिचं दार,
सोन्याच्या पोरीला गं झाला कसला भार?

लवकर लिही.

तुझा मामा


२५ जुलै

मामा,

नमस्कार. माशांना सर्दी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं.

कविता छान आहे. भार किती ग्रॅमचा, ते तिच्यात नाही. आमच्या केंद्रात चाळीस टाक्या आहेत आणि फुगलेला मासा आठवड्याला एक तरी माझ्यासमोर येतोच. पण तो मला दिसतो. तुझा मासा मला उपमांमधून बघावा लागणार, म्हणून नीट सांग.

पोट फुगणं हा आजार नाही, ती तक्रार आहे. तुला ताप येतो तेव्हा कारण शोधावं लागतं ना, तसंच. तर आधी मोठ्या बाईंना वरून बघ, काचेतून नाही. खवले अंगाला चिकटलेले आहेत, की कणीस सोलताना पानं सुटतात तसे उभे राहिलेत? उभे असतील तर मी तुला खोटी आशा देणार नाही. फुगवटा दोन्ही बाजूंना सारखा आहे की एकाच? एकाच बाजूला असेल तर आत गाठ असू शकते. विष्ठा कशी आहे, जाड, की पांढरी दोऱ्यासारखी? नवा मासा कुणी आणून सोडला का? मादी असेल तर अंडीही असू शकतात, पण तीन मासे ओळीनं अंड्यांनी फुगत नाहीत.

आणि पाणी? नळाचं पाणी बादलीत दिवसभर ठेवून मगच घालतोस ना, मी शिकवलं होतं तसं?

तोवर एवढं कर. तीन दिवस सगळ्यांना उपास. चौथ्या दिवशी एक वाटाणा उकडायचा, साल काढायची, चुरून टाकायचा. कोरडे दाणे पोटात जाऊन फुगतात, बहुतेक वेळा गडबड तिथंच असते. जमलं तर कुणाच्या तरी फोनवरून फोटो पाठव.

आई म्हणाली, "त्याला सांग, माणसांना पत्र लिहायला कधी सवड झाली नाही." मी फक्त निरोप पोचवतेय.

चिमणी


३० जुलै

चिमणे,

तुझ्या आईला सांग, माणसं फुगून मरू लागली की त्यांनाही लिहीन.

तुझ्या प्रश्नांचा अभ्यास केला. स्टुलावर चढून वरून बघितलं. मावशी, म्हणजे आमच्या शाळेच्या शिपाईबाई, खालून ओरडल्या, "सर, पडलात तर फुगलेल्यांत अजून एक वाढेल." सध्या त्या कुणाशीच सरळ बोलत नाहीत. शाळेत पिण्याच्या पाण्याचं नवं मशीन बसलंय, ते रोज काही ना काही कुरबुर करतं आणि बोलणी त्यांना बसतात.

तर, खवले अंगाला घट्ट चिकटलेले आहेत. ओल्या कौलांसारखे, एकावर एक, शिस्तीत. फुगवटा दोन्ही बाजूंना सारखा. विष्ठा थोडी, पण नेहमीची. नवा मासा कुणी सोडलेला नाही.

मुख्याध्यापिकांच्या फोनवरून फोटो काढला. काचेवर उजेड पडला आणि फोटोत मीच आलो. मागं एक नारिंगी ठिपका आहे, तो मासा. फोटो बघून त्या म्हणाल्या, "सर, तुमचं वजन कमी झालंय." मासा फुगतोय आणि मी आटतोय, एवढाच निष्कर्ष निघाला.

उपास पाळला. तीन दिवस ते सगळे काचेशी येऊन माझ्याकडे असे बघत होते, की मला वर्गात पाठांतर विसरलेली मुलं आठवली. वाटाणा दिला. मोठ्या बाईंनी तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. पोट तसंच. आणि आज सकाळी 'टिकली'सुद्धा फुगायला लागलीय. ती तर सगळ्यात लहान.

पाण्याची काळजी तू करू नकोस. पाणी मी स्वतःच्या हातानं भरतो. याहून स्वच्छ पाणी कुठल्या माशाला मिळत नसेल, एवढं खात्रीनं सांगतो.

मुलांनी टाकीला चिठ्ठी चिकटवली आहे, 'बाई, लवकर बऱ्या व्हा.' खऱ्या बाई ती वाचून पुढं गेल्या. चिठ्ठी काढायला मात्र सांगितलं नाही.

मामा


४ ऑगस्ट

मामा,

वाटाण्यानं फरक नाही, म्हणजे बद्धकोष्ठ नाही. दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे गाठ नाही. खवले बसलेले, म्हणजे अजून वेळ आहे. आणि एकामागून एक फुगतायत, लहान-मोठा भेद न करता, म्हणजे कारण एकेका माशात नाही, टाकीत आहे. इथवर आलो.

आता मला उपमा नकोत. ओली कौलं, पाठांतर विसरलेली मुलं, हे सगळं मला आवडतं, पण त्यानं मासा बरा होत नाही. सोबत तपासणीच्या पट्ट्या पाठवतेय. प्रत्येक पट्टीवर चार चौकोन आहेत. पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं, डबीवरच्या रंगांशी जुळवून आकडा लिहायचा. पहिला अमोनिया, दुसरा नायट्राइट, तिसरा सामू, म्हणजे पाणी किती आम्ल ते, चौथा कठीणपणा. रंग 'पहाटेच्या आभाळासारखा' असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

आठवडाभर रोजची नोंद ठेव. तारीख, किती दाणे, किती बादल्या पाणी बदललं, कुणाचं पोट कसं. विशेषणं नकोत.

चिमणी


११ ऑगस्ट

डॉक्टरबाई,

आपल्या आज्ञेप्रमाणे.

अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. सामू साडेसहा. चौथा चौकोन —

दाणे: दिवसाला एक चिमूट, सकाळी. शनिवारी दोन बादल्या पाणी काढलं, दोन बादल्या घातलं. टाकी सहा बादल्यांची.

मोठ्या बाई: फुगलेल्या. टिकली: फुगलेली. बाकी तिघे: ठीक.

विशेषण वापरलेलं नाही. 'ठीक' हे विशेषण असेल तर क्षमा असावी.

आपला आज्ञाधारक


१४ ऑगस्ट

मामा,

रागावलास. हक्क आहे तुझा.

पण ऐक, मी ही नोंद दहा वेळा वाचली. सामू जरा खाली आहे, तरी चालण्यासारखा. दाणे बरोबर. पाणी दर आठवड्याला तिसरा हिस्सा, तेही बरोबर. या कागदावर आजारी टाकी नाहीच. इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, "या टाकीचे मासे तर पोहण्याच्या शर्यतीत उतरले पाहिजेत."

म्हणजे जे मी विचारलंच नाही, त्यातच काहीतरी आहे. आणि जे विचारलं नाही ते तू आकड्यांत लिहिणार नाहीस. तेव्हा आता तुझ्या पद्धतीनं लिही. फाटक उघडतोस तिथपासून घरी परततोस तिथपर्यंत. सगळं. उपमांसकट.

चिमणी


१८ ऑगस्ट

चिमणे,

हे पत्र कुरिअरनं पाठवतोय, कारण दिवस थोडे आहेत. मुख्याध्यापिकांनी बाजारातल्या शोभेच्या मासेवाल्याला बोलावलं होतं. त्यानं बाहेरूनच टाकी बघितली, मान हलवली आणि म्हणाला, "साथ आहे. मासे फेका, टाकी ब्लीचनं धुवा." शनिवारी सकाळी तो येणार आहे. ८ सप्टेंबरपर्यंतची मुदत होती, ती आता या शनिवारवर आली. बाई म्हणाल्या, "सर, मलाही वाईट वाटतं. पण बरे होतील असं सांगत हे मासे मुलांना किती दिवस दाखवू?"

तर माझी सकाळ. तू म्हणालीस म्हणून लिहितो, आणि लिहिताना मला थोडी लाज वाटणार आहे.

शनिवारी मी साडेसहाऐवजी साडेपाचलाच जातो. पहारेकरी झोपाळलेला असतो, कडी काढून देतो. त्या वेळी शाळा फार सुंदर दिसते. रिकामी बाकं ओळीनं, फळ्यावर कालचं अर्धवट पुसलेलं गणित, आणि खडूचा वास, जो मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा गोड वाटतो. मी जिन्याखाली जातो. तिथं ते पाण्याचं नवं मशीन आहे. जूनच्या सुरुवातीला जुन्या विद्यार्थ्यांनी भेट दिलं. माझीच पोरं ती, आता पोटं सुटलेली, केस गेलेली. उद्घाटनाला त्यातला एक म्हणाला, "सर, याच्यातून आलेलं पाणी इतकं शुद्ध असतं, की त्यात पाण्याशिवाय काहीच उरत नाही." मला ते वाक्य फार आवडलं. आयुष्यभर मी पोरांच्या वह्यांतून तेच तर मागत होतो.

मशीनवर पाटी आहे: 'फक्त पिण्यासाठी.' मी मनाशी म्हणालो, मासेसुद्धा पितातच. आणि नळीखाली बादली लावली. धार अगदी बारीक, सुतासारखी. दोन बादल्या भरायला तासभर लागतो. तो तास मी जिन्याच्या पायरीवर बसून शाळेतल्या कविता आठवतो. पहिलीपासून सुरू करतो, चौथीपर्यंत पोचलो की बादली भरते. जूनपासून दर शनिवारी हेच चाललंय. मुलं येतात तेव्हा मशीनची टाकी रिकामी. मावशींना वाटतं मशीन गळतं. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, त्याला काहीच सापडलं नाही. हे तुला आधी सांगितलं नाही, कारण मुलांच्या तोंडचं पाणी पळवणारा मास्तर म्हणून स्वतःचं वर्णन करायला कुणालाच आवडत नाही.

बादली ओततो, काच पुसतो, दाणे टाकतो. मग बाकावर बसतो. घरी जायला साडेदहा.

हो, तुझ्या पट्ट्यांपैकी एक बिघडलेली निघाली. चौथा चौकोन पाण्यात बुडवूनही होता तसाच राहिला, जराही रंग पालटला नाही. दुसरी पट्टी घेतली, तीही तशीच. म्हणून तिथं नुसती रेघ मारली.

आज मोठ्या बाईंच्या डाव्या बाजूचे दोन-तीन खवले किंचित उचलल्यासारखे वाटले. उजेडाचा खेळ असावा अशी माझी इच्छा आहे.

मामा


२० ऑगस्ट

मामा,

पत्र वाचता वाचता मी खुर्चीतून उठले. शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला. सापडलं.

पट्टी बिघडलेली नाही. चौथा चौकोन कठीणपणाचा, म्हणजे पाण्यातल्या खनिजांचा. तुझ्या पाण्यात काहीच नाही, म्हणून चौकोनाला रंग पालटायला काही मिळालंच नाही. तुझ्या त्या आडव्या रेघेवरून माझी नजर घसरली, ही माझी चूक. मला वाटलं, मामाला रंग ओळखता आला नाही. आणि 'याहून स्वच्छ पाणी मिळत नसेल' हे तू लिहिलं होतंस, ते मी कौतुकानं वाचून पुढे गेले. आकडे मागितले तेव्हा कारण लपलं, आणि बडबड मागितली तेव्हा बाहेर आलं. हे मी इथं कुणाला सांगणार नाही.

नीट समजून घे, कारण तुला ते दुसऱ्यांना समजवावं लागणार आहे. माशाच्या अंगात क्षार असतात. बाहेरच्या गोड्या पाण्यात ते कमी असतात. त्यामुळे पाणी सारखं त्याच्या अंगात शिरू बघतं आणि मूत्रपिंडं ते सारखी बाहेर उपसत राहतात. नळाच्या पाण्यात चुना असतो, खनिजं असतात, त्यामुळे हा उपसा झेपतो. तुझं मशीन ते सगळं काढून टाकतं. माणसाला चालतं, त्याला खनिजं जेवणातून मिळतात. मासा त्याच पाण्यात राहतो. जूनपासून दर शनिवारी तू टाकीतला तिसरा हिस्सा चांगलं पाणी काढून कोरं पाणी घालत आलास. आता तिथं जवळजवळ सगळं कोरंच आहे. उपसणारे थकले आणि पाणी आत साठलं. पोटात आजार नाही, मामा, पोटात पाणी आहे.

उचललेले खवले हा उजेडाचा खेळ नाही. पण दोन-तीनच असतील तर वेळ गेलेली नाही.

आता कर ते असं. एकदम सगळं पाणी बदलू नकोस, त्या धक्क्यानंच मरतील. रोज अर्धी बादली काढायची, नळाचं दिवसभर ठेवलेलं पाणी अर्धी बादली हळूहळू घालायचं. शिंपल्यांचा चुरा धुऊन कापडी पिशवीत बांधून टाकीत सोड, तो सावकाश विरघळतो. फुगलेल्या दोघींना रोज वेगळ्या बादलीत, टाकीच्याच पाण्यात पंधरा मिनिटं ठेव, त्यात औषधाच्या दुकानात मिळणारं एप्सम मीठ घाल, दहा लिटरला सपाट एक मोठा चमचा. आडव्या पडल्या तर लगेच परत टाकीत.

आणि शनिवारच्या आत मुख्याध्यापिकांना सगळं सांग. ब्लीच थांबवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगायचं तर साडेपाचची गोष्ट सांगावी लागेल. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

तुझी चिमणी


२३ ऑगस्ट

चिमणे,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. ते खिशात घालून मी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर उभा राहिलो. याच दाराबाहेर मी कितीतरी पोरांना उभं केलं होतं. दार आतून एवढं उंच दिसत नाही, बाहेरून दिसतं.

सगळं सांगितलं. पाटी, पहारेकरी, बादली, कविता. तुझं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, चष्मा काढला, परत घातला.

"सर," त्या म्हणाल्या, "सहावीत तुम्ही माझ्या निबंधाचे चार गुण कापले होतेत. ऱ्हस्व-दीर्घासाठी. माझा पहिला नंबर गेला."

मी म्हणालो, "आठवत नाही."

"मला आठवतं. आता तुमचे किती कापू?"

मी म्हणालो, "सगळे कापा, पण टाकी धुऊ नका."

त्यांनी पत्राची घडी घातली. मला वाटलं, झालं, संपलं. मग त्यांनी फोन उचलला आणि मासेवाल्याला सांगितलं की येऊ नको. मला म्हणाल्या, "८ सप्टेंबरपर्यंत. एक दिवस जास्त नाही. आणि आधी मावशींची माफी मागायची, माझ्यासमोर."

मावशी आल्या. मी माफी मागितली. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "तीन महिने मी त्या मशीनला रोज शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीवाला मला म्हणाला, मावशी, तुम्हीच नळ उघडा टाकता. आता मशीनची माफी मी मागू की तुम्ही?" आणि मग, "नळाचं पाणी कुठल्या बादलीत साठवायचं ते दाखवा. तुमच्या भरवशावर राहिलं तर परत काहीतरी शुद्ध करून ठेवाल."

आज सकाळी दोघींना मिठाच्या पाण्यात ठेवलं. मावशींनी घड्याळ धरलं. टिकली अकराव्या मिनिटाला आडवी झाली. लगेच परत टाकीत सोडली, पण ती सावरली नाही. शाळा सुटायच्या आत गेली. मुलांना खरं तेच सांगितलं, की चूक माझी होती. एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचीसुद्धा चूक होते?" मी हो म्हणालो. तिनं ते इतक्या समाधानानं ऐकलं, की काय सांगू.

मोठ्या बाई पंधराही मिनिटं सरळ राहिल्या. डोळे वटारून.

मामा


२७ ऑगस्ट

मामा,

टिकलीबद्दल वाईट वाटलं. ती लहान होती, तिची ताकद आधीच संपली होती. मीठ थांबवू नकोस. चौथा चौकोन रोज बघ. त्याला रंग चढायला लागला की समज, माशांच्या अंगावरचा भार उतरू लागला. पोट त्यानंतर उतरतं, आधी नाही. धीर धर.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती खूप हसली, आणि मग म्हणाली, "बघ, शेवटी मास्तरला तुझ्याकडं यावं लागलं." हे ती मला उद्देशून म्हणाली, पण आवाज तुला ऐकू जाईल एवढा होता.

चिमणी


९ सप्टेंबर

चिमणे,

हे पत्र मी दालनातल्या बाकावर बसून लिहितोय. भर दुपारी. का, ते पुढं येईलच.

चौथा चौकोन २९ तारखेला पहिल्यांदा बदलला. अगदी फिका, गुलाबीच्या आसपास कुठंतरी. मावशींनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हा रंग आहे की तुमची इच्छा?" दुसऱ्या दिवशी तो इच्छेच्या पलीकडं गेला, चांगला ठळक झाला. ३ तारखेला खवले बसले. ५ तारखेला मोठ्या बाईंचं पोट एका बाजूनं आत गेलं, मग दुसऱ्या. मी सुतानं काचेवरून माप घेत होतो. रोज सूत थोडं उरायचं. रविवारी तर त्या टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा सुसाट गेल्या, की मागचे तिघे बावचळून बाजूला झाले. तुझ्या त्या मोठ्या डॉक्टरांना कळव, की शर्यतीचं आमंत्रण आता स्वीकारलं आहे.

काल समिती आली. तीन माणसं, हातात फायली. टाकीपाशी थांबली. त्यातले प्रमुख म्हणाले, "इथले मासे मरत होते असं ऐकलं."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हो. तीन मेले. का मेले आणि बाकीचे का वाचले, ते आमचे सर सांगतील." आणि त्यांनी आठवीचा आख्खा वर्ग दालनात बोलावून घेतला. आधी मला काहीच सांगितलं नव्हतं. बाकं मांडलेली होती, फळा भिंतीशी टेकवलेला होता, म्हणजे ठरवलेलं होतं. मावशी हळूच खडू हातात देऊन गेल्या.

अकरा वर्षांनी खडू हातात आला. पहिली रेघ वाकडी आली. मी मासा काढला. आत क्षारांचे ठिपके, बाहेर कोरं पाणी, आत शिरणारे बाण, बाहेर उपसणारे बाण. मग मुलांना विचारलं, आता तुम्हीच डॉक्टर, शोधा. आधी एक मुलगी म्हणाली बद्धकोष्ठ, मग एक मुलगा म्हणाला गाठ, मग कुणी अंडी. मी प्रत्येकाला विचारत गेलो, मग दोन्ही बाजू सारख्या का? मग खवले का बसलेले? एकेक कारण त्यांनीच मोडीत काढलं. चौथा चौकोन सांगितला तेव्हा शेवटच्या रांगेतला एक उंच मुलगा एकदम म्हणाला, "सर, पाणीच कोरं होतं." समितीतले एक गृहस्थ पुढं वाकून ऐकत होते, त्यांची फाईल केव्हाच मिटली होती.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

तुला माहीत आहे, मी चौतीस वर्षं शिकवलं. तालासुरात कविता म्हणवून घेतल्या, पोरांना रडवलं, हसवलं. पण घंटा झाल्यावर वर्ग जागचा हलला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. काल घडलं. कुणी वही मिटली नाही, कुणी डबा काढला नाही. मागून एक आवाज आला, "सर, मग माणसाचं मूत्रपिंड?"

मी मुख्याध्यापिकांकडं बघितलं. त्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या होत्या, मुलांमध्ये. त्यांनी मान हलवली.

मी फळा पुसला आणि दुसरी आकृती काढायला घेतली. सुट्टी संपल्याची घंटासुद्धा होऊन गेली. मी ऐकली नाही असं दाखवलं, आणि वर्गानंही.

आज दर गुरुवारच्या दुपारच्या तासावर माझं नाव लागलंय. सूचनाफलकावर, शाईनं. तास दोन दिवसांनी आहे. तयारी करायला आजच येऊन बसलोय.

तुझा मामा